आमची उत्क्रांतिवादी वहिनी

देवासला टांग्याच्या अड्ड्यावर उतरून ‘भगवंतराव कारकुनांचं घर कुठे?’ असं विचारलंत, तर उन्हात उभे राहाल. माझ्या भावाला त्याच्याच गावात कोणी ओळखत नाही. पण ‘उत्क्रांतिवादी बाई’ एवढं म्हणा, की टांगेवाले तुमची वळकटी ओढायला धावतात. परवा मी धारेहून आले, तर एक नवाच टांगेवाला मला म्हणतो, “उत्क्रांतीवाली बई को घर नी? बेठो, मने मालम हे.” मी विचारलं, “पण भिया, उत्क्रांती म्हणजे काय रे?” तो म्हणाला, “काई मालम. आडनाव होयगा वणाको.”

मी पदर तोंडाला लावून हसले खरी, पण छाती कशी भरून आली. ज्या शब्दापायी आमच्या घराला एके काळी गावानं वाळीत टाकायचं बाकी ठेवलं होतं, त्या शब्दावर आता पाहुणे घर शोधत येतात. ही काय साधी गोष्ट आहे?

ही उत्क्रांतिवादी बाई म्हणजे सगुणाबाई, माझी वहिनी. मी कुसुमावती, तिची नणंद. नणंद भावजयीचे गोडवे गाते म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, हिला काहीतरी साधायचं असणार. खुशाल वाटू द्या. मला काही साधायचं नाही. मला फक्त मिरवायचं आहे.

आमचं घराणं दक्षिणेतून पवारांच्या फौजेबरोबर माळव्यात आलेलं. शिलेदारी होती तेव्हा होती. पुढे घोडी गेली, तलवार दसऱ्याला पुसण्यापुरती उरली, आणि आमचा दादा कचेरीत कारकून झाला. पण तोरा गेला नाही. घरात पीठ संपलेलं असलं तरी आमची आई ती आईसाहेबच! यमुनाबाई म्हणून हाक मारायची कोणाची टाप नव्हती. आणि देवासचं तुम्हाला ठाऊकच आहे. दोघा भावांच्या वंशात वाटलेलं राज्य, एक थोरली पाती, एक धाकटी पाती. गाव एक, राजे दोन. रस्त्याची ही बाजू ह्यांची, ती त्यांची. आमचे वडील म्हणायचे, “माझा ओटा थोरल्या पातीत आणि न्हाणी धाकटीत. मी रोज परमुलखात जाऊन आंघोळ करतो.”

अशा घरात वहिनी पुण्याहून आली. तिचे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे, त्यामुळे छापलेलं जे जे घरी येई ते ते हिनं वाचलेलं. शिक्षिका व्हायचं रीतसर शिक्षण घेऊन आलेली. उंच, सावळी, आणि आवाज असा खणखणीत की स्वयंपाकघरातून हाक मारली तर बाहेर टांग्याचं घोडं थबकायचं. भाकरी मात्र तिला जन्मात नीट जमली नाही. आईसाहेब म्हणायच्या, “पुण्याला नकाशे शिकवले वाटतं! म्हणून भाकरी रोज निराळ्या देशासारखी येते.”

आमच्या आळीत मंडळींनी वर्गणी काढून मुलींची शाळा चालवली होती. पंचांत मुख्य जगदेवराव. जुने जहागीरदार, पांढरे कल्ले, शब्द म्हणजे बंदुकीची गोळी. पण नातीवर, विद्युल्लतेवर, जीव. नातीसाठीच त्यांनी वहिनीला शाळेत घेतलं. वरच्या वर्गाला शिकवण्याजोगी सगळ्या गावात वहिनी एकटीच होती. ती नसेल तर तो वर्ग नाही, आणि वर्ग नाही तर मुली घरी. म्हणजे चूल आणि पुढल्या मार्गशीर्षात लग्न. हे पंचांना माहीत होतं, मुलींना त्याहून जास्त माहीत होतं.

एकोणीसशे आठ-नऊचं साल असेल. एकदा मुलींना घेऊन वहिनी टेकरीवर देवीच्या दर्शनाला गेली. तिथली माकडं तुम्ही पाहिली असतील, हातातला नारळ पळवतात. एक माकडीण पोराच्या डोक्यातल्या उवा बघत बसली होती, अगदी आमच्या आईसाहेबांसारखी मांडी घालून. विद्युल्लतेनं विचारलं, “बाई, ही आपल्यासारखी का हो बसते?”

दुसरी कोणी बाई असती तर म्हणाली असती, गप बस. वहिनी तिथेच पायरीवर बसली आणि सांगत सुटली. सगळे जीव एका दिवसात घडले नाहीत, लाखो वर्षं हळूहळू बदलत आले. जो ज्या जागी निभावला तो तिथे टिकला. मुलींनी विचारलं, “म्हणजे आपण माकडापासून झालो?” वहिनी म्हणाली, “छे ग! माकडाच्या पोटी माणूस नाही आला. आपलं गाव बघा ना. थोरली पाती धाकटीच्या पोटी जन्मली का? नाही. धाकटी थोरलीच्या? तेही नाही. दोघींचा मूळपुरुष एक, पुढे घराणी दोन झाली. तसंच माणसाचं नि माकडाचं आहे.”

आता सांगा, ह्याहून सोपं करून कोणी सांगेल का? देवासच्या मुलींना ते अगदी चटकन कळलं. जरा जास्तच चटकन कळलं, तिथेच घोळ झाला.

चैत्र आला. मी माहेरपणाला आलेली. जगदेवरावांच्या घरचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू म्हणजे देवासातलं मोठं बोलावणं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बायका तिथेच काय त्या एकत्र यायच्या. त्या वर्षी आरास विद्युल्लतेनं केली होती. पायऱ्यांवर बाग गावचं छापील कापड, आणि खालच्या पायरीवर पाण्याच्या परातीत मातीचे मासे. त्याच्या वर बेडूक, मग घोरपड, मग मोर, मग गाय-वासरू. त्याच्या वरच्या पायरीवर मातीचं एक माकड, आणि माकडाच्या शेजारी, त्याच पायरीवर, तिच्या खापरपणजोबांची, जुन्या सुभेदारांची, तसबीर! पगडी, तलवार, आकडेबाज मिशा. सर्वांत वर गौर.

पन्हं झालं, वाटली डाळ झाली, कन्नौदच्या टपोऱ्या हरभऱ्यांनी ओट्या भरल्या. मग पलीकडच्या बाजूच्या एका बाईनं विचारलं, “अग पोरी, हे माकड सुभेदारांशेजारी कशाला बसवलंस?”

विद्युल्लता शाळेत उत्तर देतात तशी हात मागे बांधून उभी राहिली आणि म्हणाली, “माणूस आणि माकड म्हणजे थोरली पाती आणि धाकटी पाती. मूळपुरुष एक.”

 मग तीच बाई गालात हसत म्हणाली, “बरं, मग ह्यातलं माकड कुठली पाती ग?”

झालं! आमच्या बाजूची एक म्हणाली, “तुमची, दुसरी कुठली?” तिकडची उठली, म्हणाली, “तुमची आळी बघितली तर कोणीही सांगेल!” पन्ह्याचा घडा लवंडला, हरभरे घरभर. आणि पाठीमागे बसलेल्या पोरीबाळी अशा काही हसत सुटल्या की बाहेर पुरुषांच्या बैठकीपर्यंत आवाज गेला. जगदेवराव आत आले. त्यांनी माकड बघितलं, वाडवडिलांची तसबीर बघितली, हसणाऱ्या पोरी बघितल्या. माकडाचं एक वेळ त्यांनी सोसलं असतं. ते हसणं त्यांना लागलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला कळलं. ज्या दोन बाजूंचं रस्त्यावर पाणी कोणी मारायचं ह्यावर कधी एकमत झालं नव्हतं, त्यांचं वहिनीवर मात्र झालं. दोन्ही बाजू म्हणाल्या, आम्हाला माकड म्हटलं.

आणि तेव्हा तो शब्द आला. आणला चिंतामणी मास्तरांनी. हे मुलांच्या शाळेवर होते, पुण्याची मासिकं मागवून वाचायचे. पारावर कोणीतरी विचारलं, “ह्या असल्या शिकवण्याला म्हणतात तरी काय?” मास्तर चष्मा पुसत म्हणाले, “जे हे मत मानतात त्यांना उत्क्रांतिवादी म्हणतात.” बस्! गावाला खेळणं मिळालं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. भाजीवाली म्हणे, “उत्क्रांतिवादी झाली म्हणे कारकुनाची बायको, बाटली का हो?” कोणाचं पोर झाडावर चढलं की आई ओरडे, “उतर मेल्या, उत्क्रांतिवादी झालायस का?” दादा कचेरीत गेला की कोणीतरी केळं पुढे करी. एका म्हातारीनं तर मला बाजूला घेऊन विचारलं, “त्याला काही औषध आहे का ग?”

आमच्या घरी दोन्ही पात्यांतून मिळून एकही बोलावणं येईना. हे आईसाहेबांच्या फार जिव्हारी लागलं. त्या वहिनीशी बोलेनाशा झाल्या. काही सांगायचं असलं तर मला सांगायच्या, “तुझ्या वहिनीला म्हणावं, आमटी खारट झाली आहे.” वहिनी समोरच बसलेली असायची.

मग पंचांनी सभा ठेवली. जगदेवरावांचा निरोप आला: बाईंनी सर्वांसमक्ष सांगावं की मी उत्क्रांतिवादी नाही. एवढं सांगितलं की झालं गेलं गंगेला मिळालं, वर्ग पुढे चालू. नाही सांगितलं तर उद्यापासून शाळेत यायचं नाही.

खरं सांगते, मला ते फार मोठं वाटलं नाही. मी म्हटलं, “वहिनी, एक शब्द तर आहे, टाक बोलून.” दादा म्हणाला, “तुझा वर्ग वाचतोय ना? मग झालं.” आईसाहेब भिंतीकडे बघून म्हणाल्या, “‘नाही’ म्हणून ये, नि सुटू दे आम्हाला.” वहिनी उठली. मुलींच्या पाट्या कोपऱ्यात होत्या, त्या पुसत बसली.

सभेच्या आधी चिंतामणी मास्तर आमच्याकडे आले. ओट्यावर बसून इकडे तिकडे बघत हळूच म्हणाले, “बाई, मला स्वतःला हे सगळं पटतं बरं का. पण मी बोलत नाही. तुम्हाला एक वाट सांगतो. हे काही मत नाही, पंथ नाही, शास्त्र आहे. तेव्हा त्याचा वादी कोणीच नसतो. तुम्ही ‘मी उत्क्रांतिवादी नाही’ म्हटलंत तर ते खोटं होणार नाही. साप भी मरे और लाठी भी न टूटे.”

 वहिनी म्हणाली, “मास्तर, युक्ती चांगली आहे.” मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, निभावलं.

सभा शाळेतच भरली. पुरुष सतरंजीवर, आम्ही बायका चिकाच्या पडद्याआड. वहिनी मधोमध उभी. तिला बसायला कोणी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. विद्युल्लता माझ्या शेजारी, माझं मनगट घट्ट धरून. 

जगदेवराव म्हणाले, “बाई, तुमच्या शिकवण्याबद्दल तक्रार नाही. एकच विचारतो. तुम्ही उत्क्रांतिवादी आहात काय?”

वहिनी म्हणाली, “रावसाहेब, आधी त्या शब्दाचं सांगते. मी पुण्यात तो ऐकला तेव्हा बरा शब्द होता. जीव हळूहळू बदलत आले हे ज्यांना पटलं, त्यांना उत्क्रांतिवादी म्हणायचे, आणि ते स्वतःही तसं म्हणवून घ्यायचे. पुढे ज्यांना ते आवडलं नाही त्यांनीही तोच शब्द उचलला. पण असा, की जणू हा एक पंथ आहे, ह्यांचा गुरू निराळा, ह्यांची माळ निराळी. आता मी मुलींना सांगते की पृथ्वी फिरते. मला कोणी पृथ्वीवादी म्हटलं नाही. देवी टोचून घ्या म्हणून मी तुमच्या दारोदार हिंडले, तेव्हा कोणी मला टोचणीवादी म्हटलं नाही. मग ह्याच एका गोष्टीला वादी का? कारण वादी म्हटलं की बाईची ती एक समजूत ठरते, मानली तर मानली.”

कोणी हसलं नाही. चिंतामणी मास्तर खाली बघत बसले होते.

“तेव्हा खरं विचाराल,” वहिनी म्हणाली, “तर हा शब्द मला नीट बसत नाही. ह्यात श्रद्धा ठेवण्यासारखं काही नाही. उद्या कोणी ह्याहून चांगला पुरावा आणला तर मी हे सोडून देईन. पंथ असा सोडता येत नाही.”

जगदेवरावांचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्यांनाही वहिनी जायला नकोच होती हो! ते घाईनं म्हणाले, “म्हणजे नाही! झालं तर. लिहून घ्या, बाई म्हणतात नाही.”

“थांबा,” वहिनी म्हणाली. असा आवाज की लिहिणाऱ्याचा टाक हातातच राहिला. “तुम्ही ‘नाही’ लिहाल. मी का नाही म्हटलं ते कोण लिहिणार? गावात एवढंच जाईल की बाईंनी शिकवलं ते खोटं होतं, बाईंनीच कबूल केलं. पडद्यामागे माझ्या मुली बसल्या आहेत. त्याही तेच ऐकतील, की बाई खरं तेवढ्यापुरतंच बोलतात, नोकरी जाईपर्यंत. मी शिकवलं ते खरं मानते का, असं तुमचं विचारणं असेल, तर हो. मी उत्क्रांतिवादी आहे. ‘हो’ लिहा. आणि पुढे ‘बाई’ हेही लिहा, नाहीतर मागाहून कोणाला वाटायचं कोणी पुरुष होता.”

पडद्याआड कोणीतरी “अग बाई!” म्हटलं. मी होते बहुतेक.  मघाशी ‘टाक बोलून’ म्हणणारी मी, मला त्या क्षणी वाटलं, उठावं आणि सगळ्यांना ओरडून सांगावं, ही माझी वहिनी आहे, माझी!

 जगदेवराव म्हणाले, “शाळा तुम्हाला ठेवू शकत नाही, बाई.” आवाज मऊ होता, पण शब्द तोच.

पुढचं थोडक्यात सांगते. वरचा वर्ग बंद पडला. पण पावसाळा लागायच्या आत विद्युल्लता आमच्या ओसरीवर यायला लागली, शिवण शिकायला म्हणून. शिवण शिकायला निघालेली नात भूगोलाचं पुस्तक कशाला नेते, हे जगदेवरावांनी कधी विचारलं नाही. तिच्यामागून बाकीच्या आल्या. पुढे रस्त्यापलीकडूनही मुली आल्या, आणि वहिनीनं त्या ओसरीवर कितीजणींना शिकवून काढलं त्याची गणती तिनंही ठेवली नाही. विद्युल्लता आज धारेत शिक्षिका आहे, माझ्या धाकटीला तीच शिकवते. गावाच्या तोंडातली ती शिवी रोज उच्चारून उच्चारून झिजली, आणि तिचा पत्ता झाला. चिंतामणी मास्तर मात्र शेवटपर्यंत चिंतामणी मास्तरच राहिले. मनातून उत्क्रांतिवादी.

पण मला जे सांगायचं आहे ते त्या सभेच्या दिवसाचं.

आम्ही दोघी घरी निघालो. भर दुपार. रस्त्यात लोक उभे होते. वहिनी ताठ चालत होती, पण मला दिसत होतं, तिची पावलं जड होत चालली होती. वर्ग गेला होता. दादाच्या एकट्याच्या पगारात घर ओढायचं होतं. आणि घरी आईसाहेब होत्या. बातमी आमच्या आधी पोचली होती, हे आळीच्या तोंडाशीच कळलं.

आईसाहेब दारात उभ्या होत्या. वहिनीनं पायरीवर पाऊल ठेवलं, तशा कडाडल्या, “थांब. तिथेच थांब.”

वहिनीचा चेहरा पांढरा पडला.  म्हटलं, आता ही घराबाहेर काढते. मी तोंड उघडणार, तोवर आईसाहेब वळून आत गेल्या. आम्ही दोघी उन्हात उभ्या. समोरच्या दारांतून बायका बघत होत्या.

आईसाहेब बाहेर आल्या त्या हातात भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन. त्यांनी तो तुकडा वहिनीच्या डोक्यावरून पायापर्यंत उतरवला आणि लांब भिरकावून दिला. मग तिच्या पायांवर पाणी घातलं, डोळ्यांना पाणी लावलं. आमच्या घरात हे पुरुषमाणूस लढाईवरून घरी आलं की करायचे. घोडी गेल्यापासून कोणाला केलं नव्हतं. बाईमाणसाला तर कधीच नाही.

वहिनी कशीबशी म्हणाली, “आईसाहेब, मी हरून आले.”

“हरून आलेल्यांनाही ओवाळतात,” आईसाहेब म्हणाल्या. “पळून आलेल्यांना ओवाळत नाहीत. हे बघ, तुझं ते माकडाचं मला पटलेलं नाही, नि मरेपर्यंत पटायचं नाही. ते राहू दे.”

सभेत ज्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं, ते आता घळाघळा वाहायला लागले. आईसाहेबांनी तिचा हात धरला, आणि समोरच्या साऱ्या दारांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “ह्या घरात शिलेदार झाले, बारगीर झाले. उत्क्रांतिवादी तूच पहिली. ये आत.”